शिकवा

जुन्या हिंदी गाण्यांवर जीव टाकणाऱ्या माणसांशी माझं पटत नाही. गाण्यांशी पटतं, माणसांशी नाही. गाणं लागलं की डोळे मिटून मान डोलावणारे, कुणी मध्येच बोललं तर हात वर करून त्याला गप्प बसवणारे, आणि गाणं संपल्यावर "आता असं होणे नाही" म्हणून उसासा टाकणारे पुरुष मी लहानपणापासून पाहत आले आहे. त्यांतला पहिला माझ्या घरातच होता.

बाबांना जाऊन वर्ष झालं. वर्षश्राद्ध चौलच्या घरी रीतसर झालं, पण माझ्या धाकट्या भावाचं तेवढ्यावर समाधान झालं नाही. तो नवी मुंबईत असतो आणि तिथल्या एका कराओके ग्रुपमध्ये गातो. बाबांच्या आवडत्या गाण्यांची एक संध्याकाळ करायची, असं त्याच्या मनाने घेतलं. अलिबागेत हॉल ठरवून झाला आणि मग त्याने मला फोन केला.

"ताई, फुल जुना माहोल करायचाय. आईला फ्रंट रोमध्ये बसवू. तू फक्त तिला घेऊन ये, बाकी टेन्शन नको."

"आई गाणार आहे का?" मी विचारलं.

"आई?" त्याला खरंच कळेना मी काय विचारते आहे ते. "आई कुठे गाते?"

आई कुठे गाते याचं उत्तर मला माहीत आहे. आई वाडीत गायची. माझ्या भावाला ते आठवत नाही, कारण ती गायची थांबली तेव्हा तो चड्डीत शेंबूड पुसत हिंडत होता. आता ती ऐंशीला आली आहे, आणि देवाकडे मागण्यासारखं माझं फार काही उरलेलं नसलं तरी एक आहे. तो आवाज मला एकदा परत ऐकायचा आहे. ती गेल्यावर तिच्या आठवणींचे कार्यक्रम करण्यात मला रस नाही.

बाबा मुंबईला नोकरीला होते. आठवडाभर तिकडे, शनिवारी लाँचने रेवसला उतरायचे आणि तिथून एसटीने चौलला. एका शनिवारी ते काखेत ट्रान्झिस्टर मारून आले. तपकिरी कातड्याचं कव्हर, त्याला पुढून भोकं भोकं. आळीतली माणसं बघायला जमली. बाबांनी एरियलची तार पडवीतून बाहेर काढून समोरच्या पोफळीला गुंडाळली. वारा सुटला की पोफळ हलायची आणि गाणं खरखरायला लागायचं. मग आईला जाऊन ती तार हाताने धरून उभं राहावं लागे. "हां, तिथेच. आता हलू नको," बाबा पडवीतून सांगायचे. आई पोफळीशी तार धरून उभी आणि बाबा झोपाळ्यावर डोळे मिटून, असे आमचे रविवार. लोक म्हणतात त्या गाण्यांत काय जादू होती. असेल. पण ती जादू कुणीतरी तार धरून उभं राहिल्याशिवाय आमच्या घरात येत नव्हती.

गाणी चालू असताना भांडं वाजता कामा नये, असा नियम होता. एकदा आई आत खोबरं खवत होती. त्या खरखरीने बाबा चिडले. "अंतरा चाललाय, कळत नाही का?" आई हातात अर्धी करवंटी घेऊन विळीवर तशीच बसून राहिली. मग एक गाणं झालं, दुसरं झालं. त्या रविवारी कालवणाला उशीर झाला आणि त्यावरूनही बाबा बोलले.

गाण्यातल्या बाईचं दुःख मात्र त्यांना चटकन समजायचं. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी यायचं, ढोंग नव्हतं ते. एकदा आई तापाने फणफणली होती, तरी त्यांनी तिला हाक मारून पडवीत बोलावलं. उठून ऐक, म्हणाले, काय दर्द आहे बघ आवाजात. दर्द हा शब्द मी पहिल्यांदा तेव्हा ऐकला. आई गोधडी गुंडाळून येऊन उभी राहिली आणि गाणं संपेपर्यंत उभीच होती.

बाबा दारू पीत नव्हते, हात उगारत नव्हते, पगार घरी आणून देत होते. आईचं नशीब चांगलं, असं आळीतल्या सगळ्या बायका म्हणायच्या. तक्रार करावी असं त्या माणसात काही नव्हतं. ही अशी माणसं फार अवघड. त्यांच्याविरुद्ध बोलायला लागलं की आपणच कुरकुरे ठरतो, आणि आज इतक्या वर्षांनी हे लिहितानाही मला तसंच वाटतं आहे.

सोमवारी उजाडता उजाडता बाबा एसटीला लागायचे. जाताना ट्रान्झिस्टर कपाटात ठेवून कुलूप घालायचे, चावी खिशात. आमच्या हातात पडला तर सेल उतरतील अशी त्यांना धास्ती. त्यामुळे आठवडाभर आमच्याकडे रेडिओ नव्हता, आई होती. रविवारी तार धरून उभं असताना जे काही तिच्या कानात शिरायचं, ते ती आठवडाभर वाडी शिंपताना गायची.

आमची वाडी घरामागेच. माड, पोफळी, मध्ये एखादी जायफळ, कडेला केळी. विहिरीचं पाणी पाटातून सोडायचं आणि प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी केलेल्या आळ्यात ते वळवायचं. एक आळं भरलं की फावड्याने मातीचा बांध घालून पाणी पुढच्या झाडाकडे काढायचं. किती पाणी द्यायचं याचं आईचं माप गाण्यात होतं. पोफळीला एक गाणं, माडाला दोन. आई रविवारी नवीन गाणं ऐकायची ते सूर बरा आहे की नाही याबरोबरच ते पोफळीला पुरेल की नाही तेही बघून. एक छोटं, उडतं गाणं होतं, ते तिने केळीला लावून दिलं होतं.

मी शाळेला जायच्या आधी तिच्या हाताखाली असायचे. लांबून तिची हाक यायची, "बाय, त्या कोपऱ्यातल्या माडाला अर्धाच गाना झालाय. पुढचा तू म्हन आन मंग बंद कर!"

माझा आवाज म्हणजे आनंदच. पण मी म्हणायचे, आणि पाणी बंद करायचे.

तिचा आवाज गाणाऱ्या बायकांसारखा बारीक नव्हता. जाडसर होता, खालच्या पट्टीतला. वर चढताना थोडा खरवडायचा आणि मग एकदम मोकळा व्हायचा. शेजारच्या वाडीतली काकू कुंपणापाशी येऊन काम सोडून ऐकत उभी राहायची. मी पुढे मोठमोठे गवई ऐकले, समोर बसून ऐकले. त्यांच्यात मी नेमकं ते खरवडणं शोधत असते, आणि ते सापडत नाही म्हणून मनातून त्यांच्यावर रागावते.

आईला हिंदी येत नव्हतं. शब्द कानाला जसा लागेल तसा ती उचलायची आणि अर्थ आपल्या घरचा लावायची. एका गाण्यातली बाई प्रियकराला खत लिहिते, तर आईला वाटायचं ती वाडीत खत घालायचं म्हणते आहे. आमच्याकडे खत म्हणजे शेणाचं, नाहीतर कुजक्या मासळीचं. पाचवीत मला हिंदी लागलं, तेव्हा एकदा तिनेच मला विचारलं, "खत लिवते म्हंजे कसा गं?" मी सांगितलं, खत म्हणजे पत्र. ती फावडं टाकून इतकी हसली की आळं भरून पाणी केळीत गेलं. अडलेला शब्द ती असा मोकळेपणाने विचारायची. लाज वगैरे काही नव्हती तिला.

शिकवा हा शब्द मात्र तिने मला कधी विचारला नाही. विचारायचं कारणच नव्हतं. तो तिला कळला होता.

ते गाणं कुठलं हे मी इथे सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही वाचायचं सोडून गुणगुणायला लागाल, आणि मला नेमकं तेच नको आहे. संथ चालीचं, रडवेलं गाणं होतं. बाबांचं सगळ्यात लाडकं. त्यात ती गाणारी 'शिकवा' या शब्दाशी येऊन थांबायची, त्याला कुरवाळायची आणि पुन्हा फिरून तिथेच यायची. आईला त्या गाण्यातलं दुसरं काहीही समजत नव्हतं. पण ती बाई कुणाला तरी विनवते आहे, मला शिकवा, एवढं तिला स्पष्ट ऐकू येत होतं. कुणाला विनवते हेही तिने काढलं होतं. "नवऱ्यालाच म्हनत असनार," ती मला म्हणाली होती. "शिकव न्हाय म्हनत, शिकवा म्हनते. मान देऊन."

आईचं माहेर माणगावच्या बाजूचं, भातशेतीवाल्यांचं गाव. गावात शाळा चौथीपर्यंत. पुढे शिकायचं तर माणगावला जावं लागे, आणि मुलीला कोण पाठवतंय. पण चौथीचा निकाल लागल्यावर तिचे मास्तर घरी आले होते. आई दाराआड उभी होती. मास्तर तिच्या वडिलांना म्हणाले, मुलगी हुशार आहे, हिला शिकवा. वडील कोयता घासत होते, ते "बघू" म्हणाले. मास्तर पायरी उतरले, चप्पल घातली, आणि परत मागे वळून म्हणाले, "शिकवा हिला." ही हकिकत आईने मला वाडीतच सांगितली. त्या पावसात तिला लावणीला उतरवलं आणि पुन्हा तो विषय निघाला नाही. इतक्या वर्षांनी तोच शब्द पोफळीला बांधलेल्या तारेतून एक बाई रडत रडत म्हणायला लागली, तर तिला काय वाटलं असेल. हे गाणं तिने कुठल्याच झाडाला लावलं नव्हतं. ते ती पाणी बंद झाल्यावर, हातपाय धुताना म्हणायची.

मी दहावी झाले. शाळेत मुलींमध्ये पहिली आले होते. कॉलेज अलिबागला, एसटीने जाऊन येऊन करता आलं असतं. मला पुढे शिकायचं होतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. "मी बघते," आई म्हणाली. तिने रविवार निवडला. बाबांचे दोघेतिघे मित्र पडवीत गाणी ऐकायला आले होते आणि नेमकं ते गाणं लागलं. आईने तार धरली होती. गाणं संपलं, बाबांनी रुमालाने डोळे पुसले, आणि आई तार सोडून पडवीच्या पायरीशी आली. ज्या गाण्याने यांचे डोळे भरतात त्याच गाण्याचं म्हणणं आपण पुढे केलं तर हे नाही कसे म्हणतील, असं तिने धरलं होतं. मी आत उंबऱ्याशी उभी होते.

"अहो," ती म्हणाली, "ती बाई एवढी जीव तोडून सांगते हाय, शिकवा म्हनून. तुमच्या डोळ्यांत पानी आला. मंग आपल्या पोरीला पन शिकवा ना."

बाबांना आधी काही उलगडलंच नाही. "कोण सांगते, शिकवा म्हणून?"

"ही काय, आता गानारी."

मग त्यांना उलगडलं. आधी एक मित्र फिसकला, आणि मग सगळी पडवी हसायला लागली. बाबा झोपाळ्यावर मागे रेलून हसले. त्यांना ठसका लागला. "अगं, ते उर्दू आहे, उर्दू! त्यातलं शिकवा म्हणजे हे शिकवा नव्हे!"

"मंग काय?" आईने विचारलं.

हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. तिने विचारलं होतं, खत विचारलं होतं तसंच, मोकळेपणाने. पण हसण्याच्या गलक्यात ते कुणाच्याही कानात शिरलं नाही. एक मित्र हात जोडून म्हणाला, "वहिनी, आम्हाला पण शिकवा!" आणि परत हशा उसळला. बाबांनी त्याच रुमालाने डोळे पुसले. आईने पदर तोंडाला लावला आणि तीही हसली. मग आत येऊन तिने चहा टाकला.

बाबा माझ्या कॉलेजला नाही म्हणाले नाहीत. हे ते पुढे जन्मभर सांगत राहिले, मी कधी नाही म्हटलं होतं? खरंच नव्हतं म्हटलं. विषय हसण्यात वाहून गेला, आणि आईने परत काढला की "आल्या शिकवाबाई" म्हणून परत हसू. मला रेवदंड्याला शिवणक्लासला घातलं. पुढच्या वर्षी स्थळ आलं आणि मी लग्न होऊन पेणला गेले. भावाला यथावकाश इंजिनिअरिंगला हॉस्टेलवर ठेवलं. त्याला शिकवा असं कुणाला कुणापुढे म्हणावं लागलं नाही.

पडवीतल्या त्या रविवारनंतरच्या सोमवारी आई वाडीत गेली, पाणी सोडलं आणि गप्प उभी राहिली. आळं भरलं, काठावरून वाहायला लागलं, पाणी पायाखालून गेलं तरी ती बघत उभी. मी ओरडले तेव्हा तिने बांध घातला. मग बरेच दिवस तिला अंदाजच येईना. कुठे झाडं तहानलेली, कुठे चिखल. त्यावरूनही बाबा बोलले. हळूहळू तिने नजरेने माप बसवलं, पण गाणं बंद झालं ते झालंच. रविवारी ती तार धरायची, तेवढंच.

आणि तो किस्सा. तो बाबांनी इतक्या ठिकाणी सांगितला की आमच्या सगळ्या नातेवाइकांना तो पाठ आहे. माझ्या लग्नात सांगितला. भावाच्या हळदीत सांगितला. कुणाच्या पूजेला चार माणसं प्रसादाला बसली की गाण्यांचा विषय निघायचा, आणि गाण्यांचा विषय निघाला की, "आमच्या हिची गंमत सांगू का?" दर वेळी आई पदर तोंडाला लावून हसायची. नव्याने ऐकल्यासारखी हसायची. लोकांना वाटायचं, काय खेळकर बाई आहे.

मी लग्नानंतर, मुलं शाळेला लागल्यावर, बाहेरून परीक्षा देत देत बी. ए. केलं. आता एका वाचनालयात काम करते. तिथल्या शब्दकोशात मी तो शब्द केव्हाच बघितला होता. आईसमोर मात्र कधी काढला नाही. भाजलेल्या जागी कोण मुद्दाम बोट लावतं? आणि इतकी वर्षं ज्या शब्दावरून तिला हसले, त्याचा अर्थ एव्हाना कुणी ना कुणी तिला सांगितलाच असणार, असंच कुणालाही वाटेल.

तर अलिबागेतली ती संध्याकाळ. आईला भावाने नवी साडी पाठवली होती. चौलहून रिक्षाने जाताना मी तिला विचारलं, "आज एखादं म्हणशील? मी सांगते त्याला." ती बाहेर बघत म्हणाली, "आता कसला गाना, बाय." हॉलच्या दारात बाबांचा मोठा फोटो, मांडीवर तो ट्रान्झिस्टर. गावातलं, नात्यातलं, भावाच्या ग्रुपमधलं बरंच माणूस आलं होतं. स्टेजवर मोठा पडदा होता. त्यावर गाण्याचे शब्द उमटायचे आणि गाणं पुढे जाईल तसा एकेका अक्षराचा रंग बदलत जायचा. आईला तो प्रकार आवडला. चौथीपर्यंतची का होईना, शाळा होती तिची. ती ओठ हलवत अक्षरं वाचत होती. मला क्षणभर वाटलं, आता गाईल.

मग भावाने ते गाणं घेतलं. घेण्याआधी माइक हातात धरून खाली बघत हसला, आणि मला कळलं.

"हे गाणं म्हणजे बाबांचा जीव की प्राण. आणि यावर एक फॅमिली किस्सा आहे, तो सांगितल्याशिवाय बाबा मला वरून सोडणार नाहीत." त्याने सगळा सांगितला. बाबांचाच सूर लावून सांगितला, 'उर्दू आहे, उर्दू' सकट. माझ्या कॉलेजचं त्यात काही नव्हतं. ते बाबांनी सांगितलेल्या किश्श्यातही कधी नसायचं. "आणि त्या शिकवाबाई आज इथे बसल्यात, फ्रंट रोमध्ये!" टाळ्या झाल्या. मागची माणसं उठून उठून बघायला लागली. आईने पदर तोंडाला लावला. तिच्या मांडीवर स्वागताचा पुष्पगुच्छ होता, त्याचा प्लास्टिकचा कागद तिच्या मुठीत चुरचुरत होता. शेजारी मी असल्यामुळे तेवढं मला ऐकू आलं. मग गाणं सुरू झालं, तो शब्द पडद्यावर आला आणि त्याची तीन अक्षरं एकामागून एक पिवळी झाली. आई पदर धरून ती वाचत होती.

मी त्या दिवशी चौललाच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी आई पडवीत सुपारी सोलत बसली होती. समोर ती पोफळ नाही आता, वादळात गेली. वाडीतही ठिबकच्या नळ्या आहेत, पाण्याला कुणी उभं राहावं लागत नाही. मी चहा घेऊन तिच्याजवळ बसले.

"बाय," ती म्हणाली, "काल लिवलेला तर तसाच व्हता. शि, क, वा. आपल्यासारखाच."

"हो."

"मंग त्याचा अर्थ काय?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. "तुला कुणी सांगितलं नाही?"

"कोन सांगनार? हसायचे सगळे." तिने एक सुपारी सोलून टोपलीत टाकली. "मी इचारला व्हता एकदा. मंग कुनाला इचारायची सोय न्हाय राहिली. इचारला की परत हसनार."

बाबांवरचा माझा राग जुना होता, मुरलेला. त्या सकाळी तो ताजा झाला. संसारभर एका माणसाने एका शब्दावरून बायकोला हसावं, त्याच्या मित्रांनी हसावं, मुलाने ते पुढे चालवावं, आणि त्यातल्या एकालाही तिला अर्थ सांगावा असं वाटू नये. रसिक म्हणे.

"शिकवा म्हणजे तक्रार," मी म्हटलं. "गाऱ्हाणं."

"देवाला घालतात ते?"

"नाही. माणसाबद्दल असतं ते. तू माझ्याशी असं का वागलास, असं त्याच्या तोंडावर विचारायचं. ते."

आईचे हात चालू होते.

"म्हंजे ती मागत नव्हती," ती शेवटी म्हणाली. "भांडत व्हती."

"हो, तसंच."

"आन मी समजत व्हते, हात जोडते हाय." तिने हातातली सुपारी खाली ठेवली. "मला वाटला, एवढी मोठी गानारी, ती पन हात जोडते, तर आपन बी जोडायचे. म्हनून तर मी तुझ्या बाबांना तसा मागितला, मऊ आवाजात. मला कुनी तेव्हा सांगितला असता ना बाय, तर मी पन भांडले असते. तुझ्यासाठी भांडले असते."

मी पन्नाशी ओलांडलेली बाई, दोन मुलांची आई, पडवीत बसून हुंदके द्यायला लागले. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. हाताला सुपारीच्या सालीचा वास होता.

तेवढ्यात भावाचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला. तो खुशीत होता. कालचा किश्श्याचा व्हिडिओ त्याने ग्रुपवर टाकला होता आणि लोकांना तो भयंकर आवडला होता. "आई, लोक म्हणतायत शिकवाबाईंना बोलायला लावा. तू दोन वाक्यं बोल ना, मी टाकतो. काय पण बोल, तुझ्या स्टाइलमध्ये."

आईने फोन माझ्या हातातून घेतला. तो दोन्ही हातांनी तोंडासमोर धरला, आणि सावकाश, एकेक शब्द जागच्या जागी ठेवत बोलली.

"माझा शिकवा हाय. तुझ्या बाबांवर हाय. आन तुझ्यावर पन हाय."

पलीकडे तो हसायला लागला. तोच हशा, बाबांचा, मागे रेलून येतो तसा. ठसकासुद्धा तोच.

"आई, काय भारी! एक नंबर! थांब थांब, असंच परत बोल, मी रेकॉर्ड करतो."

आईने या वेळी पदर तोंडाला लावला नाही. तिने फोन माझ्याकडे दिला आणि टोपली पुढे ओढली.

"तुझ्या भावाला सांग," ती म्हणाली, "हसून झाला की मंग फोन कर."

मी त्याला ते तिच्याच शब्दांत सांगितलं. तो त्यावरही हसला.